ग्रहणात बाहेर पडलेला फकीरप्पा

हुलकेरीत कुणाला एखाद्या गोष्टीवर पक्कं मत हवं असलं, की तो फकीरप्पा हडपद न्हाव्याच्या दुकानात जाऊन दाढीला बसायचा. बसस्टँडसमोर त्याचं दुकान. एक फिरती खुर्ची, समोरासमोर दोन आरसे, कोनाड्यात रेडिओ, बाकावर गदगहून आलेला पेपर. गिऱ्हाइकाच्या गालाला साबणाचा फेस लागला, की फकीरप्पाचं तोंड सुरू व्हायचं, आणि फेस लागलेल्या माणसाला काही उलट बोलता येत नसे.

त्याला मत नाही असा विषयच नव्हता. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला चव नाही, कारण तिच्यात सरकारी सही मिसळलेली असते. प्रेशर कुकर घरात ठेवणं म्हणजे बायकोच्या हातात बाँब देणं. अमेरिकेचा माणूस चंद्रावर गेला ते सगळं खोटं, तंबूत चित्रीकरण केलेलं. फोटोतली धूळ बघा, आपल्या रोणच्या रस्त्यावरची वाटते. आणि सिनेमातले हिरो कान झाकेपर्यंत केस वाढवतात, त्या सगळ्यांना आधी तुरुंगात घातलं पाहिजे. "पोरं वर्षातून दोनदा येतात आता कटिंगला," तो म्हणायचा. "एक हिरो पोसायला गावोगावचे हडपद न्हावी उपाशी!"

त्याच्याशी भांडायला एकच माणूस पुरा पडायचा. शेजारचा दावलसाब शिंपी. दोन दुकानांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती आणि तिच्यातली एक फळी निघालेली होती. त्या फटीतून दावलसाब शिलाई मशीन थांबवून बोलायचा. फकीरप्पा पूर्व म्हणाला की हा पश्चिम. वीस वर्षं हे चाललेलं. गावाला त्याची इतकी सवय, की दोघांपैकी एक आजारी पडला तर गिऱ्हाईक दाढी न करताच परत जायचं.

ऐंशी साली फेब्रुवारीत ग्रहण येणार अशी बातमी आली. साधं नव्हे, खग्रास. भरदुपारी सूर्य पुरता झाकला जाणार, आणि तेही बरोबर आपल्या मुलखावर. पेपरात नकाशा आला होता. कारवारच्या समुद्राकडून एक काळा पट्टा निघून हुबळी, गदग, रायचूरवरून गेलेला. त्या पट्ट्यात हुलकेरीही येत होती. रेडिओ रोज सांगायला लागला: सूर्याकडे बघू नका, डोळे जातील, घरात थांबा.

फकीरप्पाने या बाबतीत सरकारची बाजू घेतली. असं क्वचितच व्हायचं, म्हणून त्याला त्याचा फार अभिमान वाटला.

"यंदा सरकार शहाण्यासारखं बोललंय," वस्तरा पट्ट्यावर परजत तो म्हणाला. "झाकलेल्या सूर्यातून विषारी किरण येतात. भिंतीतून नाही येत, दारातून येतात."

"भिंतीतून येत नाहीत हे तुला किरणांनी येऊन सांगितलं?" फटीतून दावलसाब. "अरे, चंद्राची सावली आहे ती. सावलीनं कुणाचे डोळे गेलेत? आम्ही मशिदीत नमाज पढू, सावली जाईल, मी येऊन तुझ्या त्या बेल्लद मास्तरांची पँट पुरी करीन."

"तू जा मशिदीत. तिथंही छप्पर आहेच की! म्हणजे माझंच ऐकलंस."

गावात टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. मालकाने कर्णा लावून जाहीर केलं, की ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत सलग खेळ, ताडपत्री दुहेरी टाकलेली, एक किरण आत येणार नाही. फकीरप्पाने दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला तंबूची शिफारस केली. ग्रहणाच्या दिवशी तर तो दुपारी गल्लीतून फिरून आला. जी म्हातारी ओट्यावर बसलेली दिसेल तिला आत पिटाळलं. "अव्वा, आत हो! उद्या आंधळी झालीस म्हणजे मला कसं ओळखशील?"

"तुला आवाजावरून ओळखीन रे, मुडद्या," एक म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

घरी नीलव्वाने पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं टाकून ठेवली होती. लेक रेणव्वा बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला आतल्या खोलीत सरळ झोपवलं होतं, काही चिरायचं नाही, काही मोडायचं नाही, कूस वळवायची नाही. फकीरप्पाने दाराला कडी घातली, खिडकीला पोतं लावलं आणि अंधारात बाजेवर बसला.

माळवदाच्या सवण्यावर, उजेडाच्या झरोक्यावर, पत्रा टाकला होता. पत्र्याला एक बारीक भोक होतं. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा, रुपयाएवढा गोल. फकीरप्पाने ते भोक बुजवायला हवं होतं, पण त्याच्या ध्यानात आलं नाही. आता तो कवडसा गोल नव्हता. एका बाजूने कुणीतरी चावा घेतल्यासारखा तुटला होता. फकीरप्पा बघत राहिला. चावा मोठा होत गेला.

"नीले," तो हळूच म्हणाला, "हे बघ."

नीलव्वाने डोळ्यांवर पदर घेतला. "नको दाखवूस. पोरीच्या अंगावर येईल काहीतरी."

तेवढ्यात परड्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला, मागोमाग कुडाची काठी मोडली. रोज संध्याकाळी फकीरप्पा म्हशीला तळ्यावर पाणी दाखवायला न्यायचा. उजेड उतरला तशी संध्याकाळ झाली असं समजून ती आपली आपणच निघाली होती.

"अगबाई, म्हैस गेली!" नीलव्वा ओरडली. "आता काय करू? दूध देती म्हैस, पोटुशी लेक घरात..."

फकीरप्पा उभाच राहिला. सगळ्या गल्लीला आत घालणारा तो एकटाच कसा बाहेर पडणार? पण म्हैस गेली होती. त्याने घोंगडी डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतली, म्हणाला, "मी खालीच बघत जातो," आणि कडी काढली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऊन होतं, पण ते ऊन त्याच्या ओळखीचं नव्हतं. राखेतून गाळून घेतल्यासारखं, थंड. तो पायांकडे बघत भराभरा चालला. मारुतीच्या देवळापाशी कडुनिंबाखाली आला आणि थबकला. रोज तिथे सावलीत उन्हाचे गोल गोल ठिपके हलायचे. आज जमिनीवर हजारो बारीक कोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. नखं काढून टाकावीत तशा. जन्मभर त्याने लोकांची नखं काढली होती, दुकान झाडताना असाच केर निघायचा. पण हा केर उजेडाचा होता. पाय टाकायचं त्याच्या जिवावर आलं. तो झाडाला वळसा घालून गेला.

तळ्याच्या बांधावर चढला तेव्हा बगळे परतत होते. थव्याने येऊन बाभळींवर बसत होते, आणि बसल्यावर गप्प होत होते. वारा सुटला. त्याच्या हातावर काटा आला. हाताची सावली बांधावर पडली होती, आणि तिच्या कडेला दंडावरचा एकेक केस वेगळा दिसत होता. इतकी धारदार सावली त्याने कधी पाहिली नव्हती. म्हैस खाली पाण्यात गुडघाभर उभी होती. पाणी पीत नव्हती.

मग पश्चिमेकडून अंधार आला. संध्याकाळ उतरते तसा उतरला नाही, आला. कापसाच्या काळ्या रानावरून कुणी भलीमोठी घोंगडी ओढत आणावी तसा पलीकडच्या टेकडीवरून, शेतांवरून, तळ्यावरून धावत आला आणि त्याच्या अंगावरून पुढे गेला. आवाज काहीच नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या मुकाट्याने येते याचीच त्याला धडकी भरली. घोंगडी डोक्यावरून कधी खाली पडली ते त्याला कळलं नाही. त्याने वर पाहिलं.

सूर्याच्या जागी एक काळं, वाटोळं काहीतरी होतं. आभाळाला भोक पडल्यासारखं. आणि त्याच्या भोवती पांढरे केस होते. ज्याच्या डोक्याला जन्मात कात्री लागली नाही अशा कुणा जख्ख म्हाताऱ्याचे असावेत तसे, मऊ, रुपेरी, लांबच लांब, चहूकडे पसरलेले. शेजारी एक तारा लखलखत होता. दिवसाढवळ्या तारा! आणि खाली, रानाच्या चारी कडांना, सगळीकडे एकदम सूर्य मावळत असल्यासारखी तांबूस पिवळी पट्टी. पूर्वेलाही. दक्षिणेलाही.

फकीरप्पा गुडघ्यांवर बसला. हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण हात उचलले गेले नाहीत. देवाचं नाव आठवेना. दूर टुरिंग टॉकीजच्या तंबूतून कर्ण्यावर गाणं चाललं होतं आणि हिरो आला असावा, कारण शिट्ट्या वाजल्या. सगळं गाव तिथे, दुहेरी ताडपत्रीखाली. इथे तो आणि म्हैस.

मग त्या काळ्या वाटोळ्याच्या कडेला उजेडाचा एक थेंब फुटला, आणि फकीरप्पाने मान खाली घातली. कोंबडे आरवायला लागले. तळ्याच्या पाण्यावर पुन्हा ऊन आलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

घरी आल्यावर नीलव्वाने त्याला उजेडात उभं केलं. "ही किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"नीले, मला दिसतंय. फार दिसलं मला."

दुसऱ्या दिवशी दुकानात ही गर्दी. ग्रहण झालं, आता फकीरप्पा त्यावर काय बोलतो ते ऐकायला सगळे आलेले. फटीतून दावलसाबने सुरुवात केली. "काय, सरकारचे जावई? किती किरण अडवले भिंतीनं?"

फकीरप्पा साबण फेसत होता. म्हणाला, "मी बाहेर होतो. मी बघितलं."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने फेसासकट मान वळवली.

"उघड्या डोळ्यांनी?"

"हो."

"मग सांग की! कसं होतं?"

फकीरप्पाने तोंड उघडलं. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, मागे बाकावर बसलेले आठ-दहा चेहरे दिसले. त्याने ब्रश खाली ठेवला, परत उचलला. "आता... काय सांगू," तो म्हणाला, आणि दाढी करायला लागला.

लोकांना वाटलं, ताणून धरतोय. पण तसं नव्हतं. त्यानंतर कित्येक आठवडे कशावर काही विचारलं की तो म्हणायचा, "ठाऊक नाही बाबा." साखर महागली, ठाऊक नाही. गदगच्या बँकेत हिशेब करणारं यंत्र येणार म्हणे, येईल. नव्या सिनेमातला हिरो कसा, बरा असेल. गिऱ्हाईक हिरमुसून जायचं. दावलसाबची तर झोप उडाली. त्याने मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या. "अमेरिकेचा माणूस चंद्रावर गेलाच नव्हता, माझी खात्री पटली," तो फटीतून ओरडला.

"गेला असेल," फकीरप्पा म्हणाला. "चंद्र तिथं आहे, सायबा. मी बघितला."

दावलसाबने मशीन बंद केलं आणि नीलव्वाकडे जाऊन सांगितलं, की याला एकदा दर्ग्यावर नेऊन आण.

एक दिवस बेल्लद मास्तर दाढीला आले. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. फकीरप्पाने पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला बोलू दिलं, फेस लावण्याआधी विचारलं, "मास्तर, तो चंद्र बरोब्बर सूर्याएवढा कसा हो?"

"एवढा नाही. चंद्र फारच लहान. पण तो जवळ, सूर्य लांब. इतका लांब, की आपल्याला दोन्ही सारखे दिसतात. म्हणून झाकण बसतं."

"म्हणजे थोडा लहान असता..."

"तर भोवती कडं उरलं असतं."

"मग हे मोजून कुणी बसवलं?"

मास्तर हसले. "कुणी नाही. जुळून आलंय."

"जुळून आलंय," फकीरप्पा पुटपुटला. त्याचा ब्रश हवेतच राहिला. "परत कधी?"

"इथं? आपल्या हयातीत नाही."

मास्तर गेल्यावर तो रिकामी खुर्ची गरगर फिरवत राहिला. मग एकदम फळीच्या फटीकडे तोंड करून ओरडला, "सरकारचं चुकलं!"

पलीकडे कात्री खाली पडली. "काय म्हणालास?" दावलसाबच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"चुकलं सरकारचं! लोकांना कोंडून घालायचं नव्हतं. कसं बघायचं ते शिकवायचं होतं. कधी मान वर करायची, कधी खाली घालायची, एवढंच की! गावोगाव माणूस पाठवायचा. नसबंदीला पाठवता, मग याला का नाही? आणि मी पण..." तो अडला. "मी त्या म्हाताऱ्यांना आत घातलं रे. त्यांना आता कुठलं दिसायचं?"

दावलसाब उलट बोलायला सरसावला होता, पण त्याने खाली पडलेली कात्री उचलली आणि कापड कापायला घेतलं.

भर उन्हाळ्यात रेणव्वाला मुलगी झाली. शेजारणींनी पोरीला उलटंपालटं करून पाहिलं, आजा ग्रहणात फिरलेला, कुठे डाग, कुठे चीर. पोरगी लख्ख निघाली. बारशाला दावलसाबने अंगडं शिवून आणलं. जेवणं झाल्यावर तो फकीरप्पाला म्हणाला, "चल, जरा तळ्यापर्यंत."

दोघे बांधावर बसले. ऊन कलत होतं. तळं अर्धं आटलेलं.

"मी मशिदीत होतो," दावलसाब म्हणाला. "नमाज लांब असते त्या वेळची. आत अंधार झाला ते कळलं. बाहेर यावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आलो नाही. तू सांग. जमेल तसं सांग, मी मध्ये बोलणार नाही."

फकीरप्पाने सुरुवात केली. कडुनिंबाखालच्या नखांपासून. अडखळत, मागे-पुढे करत, कुठे हातांनी दाखवत. अंधार कुठल्या टेकडीवरून आला तिकडे बोट करून. केसांचं सांगताना त्याने दोन्ही हात डोक्याभोवती पसरले. दावलसाब तोंड उघडं टाकून ऐकत होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने "हे कशावरून?" असं विचारलं नाही.

सांगून झालं तेव्हा दोघांनीही वर आभाळाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. एक घार फिरत होती.

"चारी बाजूंना मावळत होता म्हणालास?" दावलसाबने शेवटी विचारलं.

"चारी बाजूंना."

"या खुदा," दावलसाब म्हणाला, आणि उठून एकेका दिशेला वळून बघायला लागला.