शेजारच्याचा आवाज

"शेजारच्याचा आवाज येतो का न्हाय कानावर?" गाणं रंगात आलं की नेमक्या तेव्हाच हात वर करून टीचर विचारायच्या. कुणी नाही म्हटलं की झालं, गाणं पुन्हा पहिल्यापासून. "मंग तू लय मोठ्यानं गाते. गाणं हाय, भांडण न्हाय."

उत्तनच्या चर्चच्या कॉयरमध्ये त्यांचा जन्म गेला होता. दर शनिवारी दुपारी बस आणि रिक्षा करत त्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलवर यायच्या. फुलाफुलांचा फ्रॉक आणि काखेत छत्री. ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नाही. कॉलेजच्या वयाची दहाबारा मुलं त्यांच्याभोवती गोल बसायची. परीक्षा नाही, स्टेज नाही, एकट्यानं गाणं तर नाहीच. मी गिरगावातून इथे आलेली. क्लास म्हटला की मला सर्टिफिकेट लागतं. हा कसला क्लास, असं मी दोघींतिघींना बोलूनही दाखवलं होतं.

पण माझी मुलगी त्या गोलात होती. बारावीनंतर ती गप्प होत गेली. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या. "चार मुलांत बसू दे," असं तिच्या डॉक्टर म्हणाल्या, म्हणून मी तिला जवळजवळ ओढतच हॉलवर नेलं. दोन शनिवार ती तोंड मिटून बसली. टीचर म्हणाल्या, "तोंड बंदच ठेव. नुसतं सुरात हं कर." चौथ्या शनिवारी घरी येऊन तिनं आपणहून पोहे मागितले. मी कांदा चिरता चिरता रडून घेतलं.

आणि मग मी नको ते केलं. हॉलच्या खिडकीतून तिचा गातानाचा व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आईचा उत्साह, दुसरं काय! अंगठे आले, जोडलेले हात आले आणि एका काकांचा मेसेज आला, "आवाज मस्त, पण वजन वाढलंय." त्या संध्याकाळी तिच्या खोलीचं दार बंद झालं. पुढे ते जेवणाच्या ताटापुरतंच उघडायचं.

टीचर घरी आल्या. आता बोलणी खायची, म्हणून मी तयारच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला इचारलं व्हतं?" त्यांनी खुर्ची ओढून बंद दाराशी घेतली आणि तोंड मिटून हं करू लागल्या. थोडा वेळ हं, मग गप्प, कान दाराकडे. हॉलवर जाण्याआधी दर शनिवारी अर्धा तास हेच. तिसऱ्या शनिवारी आतून बारीकसं हं आलं. टीचरनी छत्री उचलली. "आला आवाज. चल, पोरं वाट बघतात."

तुम्ही विचाराल, त्यांच्या घरी कोण होतं? आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आता लाज वाटते.

या वर्षी लागोपाठ दोन शनिवार त्या आल्या नाहीत. फोन लागेना. मुलगीच म्हणाली, "आई, आपण जाऊन येऊया ना." उत्तनला त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण अंगणात मासळी वाळत घालत होती.

"टीचर वारली. धा दिवस झाले. पोरगा दुबईवरनं आलता, माती देऊन गेला." मग तिलाच काहीतरी आठवलं. "रोज सांजचं एकटीच गायची. जरा गायची, मंग गप. जसं काय शेजारनं कोण गानार हाय."

"मग?" मुलीनं विचारलं.

"मंग काय? परत पहिल्यापासून."

मुलगी त्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली. तोंड मिटून तिनं हं केलं आणि थांबली. मी तिच्या शेजारीच होते, पण माझा आवाज काही केल्या फुटेना. तिनं थोडी वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.