शिनूची होडी अजून मधेच

दुपारचं जेवण अंगावर आलंय, डोळे मिटतायत, तरी मी हट्टानं कीबोर्डसमोर बसलेय. स्क्रीनवर हिरवी नदी, त्यात दोन होड्या. माझी अलीकडच्या काठाला आणि माझ्या धाकट्या भावाची, शिनूची, मधोमध. हा खेळ शाळेच्या कॉम्प्युटरवर त्यानंच बनवला होता. तास संपला तेव्हा अर्धा डाव कॅसेटवर साठवून म्हणाला, "शनिवारी हरवतो तुला." शनिवारच्या आत कावीळ त्याला घेऊन गेली.

शाळेनं भंगार काढलं तेव्हा ती कॅसेट माझ्या हाती लागली. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतो, एम्युलेटर, त्यात खेळ सुरूही झाला. पण टर्न शिनूची! त्याची होडी हलायची कॉपी नावाच्या बटणानं, आणि ते मेलं हल्लीच्या कीबोर्डवर नाहीच. एम्युलेटरनं ते दुसऱ्याच कुठल्या बटणावर नेऊन ठेवलंय. एकूण एक बटणं दाबून झाली. होडी ढिम्म. तो पोचल्याशिवाय मला हलता येत नाही, आणि त्याला असं मधेच सोडून मला उठवतही नाही.

जरा डोकं टेकते.

"ताई, चपला बाहेर."

शाळेची कॉम्प्युटरची खोली. इथं कुणीच चपला घालून येत नाही. मी मुकाट्यानं काढते. शिनू स्टुलावर बसलाय, अजून सोळाचाच, डोळे पिवळेजर्द.

"किती म्हातारी झालीस गं!"

"तू झाला असतास ना, मग कळलं असतं," मी खेकसते. मग रडूच येतं. "शिन्या, तुझं बटण सापडत नाही रे."

"दाबलंयस तू ते. पण टकटक करून सोडतेस. माझं धरून ठेवायचं असतं."

"माझं तर एकदा दाबलं की पळतं."

"तुझ्यासाठी सोपं केलं होतं. नाहीतर रडली असतीस."

स्टूल आता लोखंडी खाट आहे. दवाखान्याचा तोच वॉर्ड, तोच फिनेलचा वास. फरशीवर घोटाभर हिरवं पाणी आहे आणि शिनूचे पाय त्यात लोंबतायत, सुजलेले, पांढरेफटक.

"कंटाळलो गं मधेच उभा राहून," तो म्हणतो. "गार पडलेत पाय."

"पलीकडे गेलास की दिसणार नाहीस मला."

"असा दिसायला हवाय का तुला?"

असाही हवाय. कसाही हवाय. पण हे मी त्या पायांकडे बघून कसं म्हणू?

"कसं धरू, सांग."

"इथं हात धरला होतास ना माझा? आईनं झोप म्हटलं तरी सोडला नाहीस. तसं."

मी त्याचा हात धरते. बर्फासारखा गार. खाट हलते, वॉर्डाची भिंत मागे जाते, आणि दोन्हीकडे नुसतं पाणी. तो माझ्याकडे बघत नाही, पलीकडे बघतो. मला भयंकर राग येतो त्याचा.

"मी पोचलो की तुझी टर्न," तो म्हणतो. "घाई नको करूस."

हात माझ्या हातातून निघून जातो.

जाग येते ती गाल दुखल्यानं. मी कीबोर्डच्या उजव्या टोकावर झोपलेय, आकड्यांच्या बाजूला, अधिकच्या चिन्हाच्या उभट बटणावर गाल रुतवून. चाचपून बघते. गालावर खोल चौकोनी खड्डा उमटलाय, बोटाला लागतोय.

स्क्रीनकडे बघायचा धीर होत नाही. मग बघते. शिनूची होडी पलीकडच्या काठाला लागलीये. नदी रिकामी आहे. खाली माझं नाव लुकलुकतंय.

माझं बटण सोपं आहे. एकदा दाबलं की झालं. मी त्यावर बोट ठेवते, आणि अंधारून येईपर्यंत तसंच ठेवून बसते.