शिवीचा उपवास

आमचे बाबा देवभोळे, निर्व्यसनी आणि तोंडाचे अत्यंत घाण. निदान बैलांपुरते. धानाच्या बांधीत चिखल करताना ते बैलांना जी शिवी देत, ती इथे लिहिता येणार नाही. बैलांच्या आईचा तिच्याशी संबंध होता, एवढं पुरे. बैल ती ऐकतच मोठे झालेले. 'चला' म्हणायची हीच रीत, अशी त्यांची समजूत होती.

मला बघायला पाहुणे येणार, म्हणून आईने फर्मान काढलं, "आज तोंडातून एक बी शिवी नाही निघाली पाह्यजे. पोरीचं जमून राहिलं, समजलं का जी?"

"मंग बैल कायनं हाकू?"

"गोड बोला त्याच्या संग."

मुलगा नोकरीवाला. मलाही ते स्थळ हवं होतं, खोटं कशाला सांगू?

शेतांमधल्या पांदणीत चिखल, त्यामुळे पाहुण्यांची गाडी करडी गावाच्या डांबरी रस्त्यावरच राहिली. बूट हातात घेऊन ते चालत आले. पोहे झाले, प्रश्न झाले. परत पोचवायला बाबांनी बैलबंडी जुंपली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा धानाच्या तणसाच्या गादीवर बसले. मी ट्रे घेऊन दारात.

"चला बाबू, चला," बाबा पुढे बसत म्हणाले. बैलांनी मागे वळून पाहिलं. हा कोण नवीन माणूस, असा त्यांचा चेहरा. बाबांनी पाठ थोपटली, शेपट्या पिळल्या. बैल ढिम्म.

ताटकळलेल्या मामांनी तेवढ्यात निकाल लावून टाकला. "पोरगी शिकलेली आहे, सगळं ठीक. पण हे तव्याचं बूड आमच्या गोऱ्या खानदानात कसं चालेल?"

बंडीभर माणसं हसली. मुलगाही हसला. ही शिवी आहे, असं कोणालाच वाटलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि तो ट्रे कुठे ठेवावा तेच कळेना.

बाबा बैलांकडे पाठ करून वळले, मामांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती शिवी दिली. अख्खी, सकाळपासून साचलेली.

बैल उधळलेच! मामा तणसात उताणे, आणि बंडी बघता बघता पांदणीत दिसेनाशी झाली.

तासाभराने बाबा मान खाली घालून परतले. "सुटली तोंडातून," आईला म्हणाले.

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"एकच देल्ली? रस्ता तं बराच लंबा होता."