वन्समोअर न मागणारं गाव

मिरज स्टेशनवर गाडी हलली तरी बाबा खिडकीचा गज धरून चालतच होते. गोधडीत गुंडाळलेला माझा तंबोरा त्यांनीच वरच्या फळीवर ठेवला होता. नवऱ्याला बंगलोरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि माझं गाणं संगीत नाटकाच्या रंगमंचावरून थेट स्वयंपाकघरात निघालं. बाबा आमच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. म्हणाले, "गात राहा गं. आणि वन्समोअर घेतल्याशिवाय उठू नकोस. नाही आला तर समज, गाणं पोचलं नाही."

मिरजकरांनो, तुम्हाला काय सांगायचं! आपल्याकडे पद रंगलं की प्रेक्षकांतून आरोळी उठणारच. नाटकात शेजारी कुणी मरायला टेकलेलं का असेना, त्यानं थांबायचं आणि नटीनं पद पुन्हा म्हणायचं. मी तर पद संपता संपताच दुसऱ्या खेपेसाठी श्वास घेऊन ठेवायचे. इतकी लाडावलेली!

बंगलोरच्या चिकपेटेत आम्ही खाली, वरच्या मजल्यावर रुक्माक्का. मूळच्या मराठीच, पण कित्येक पिढ्या इथल्या. "स्वल्प मोठ्यानं गा की, वर ऐकू येत नाही," असं जिन्यातून ओरडायच्या. त्यांनीच मला रामनवमीच्या मांडवात गायला बसवलं.

जीव ओतून गायले. समोर सगळे मांडीवर हातानं ताल धरून बसलेले, तोंडातून चकार शब्द नाही. पद संपलं, मी थांबले. आता येईल, मग येईल. टाळ्या भरपूर पडल्या, पण आरोळी काही आली नाही. पुढच्या पदांनाही तेच. घरी येऊन तंबोऱ्याला गवसणी घातली आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "संपलं. इथे माझं गाणं पोचत नाही. आता गाणार नाही."

सकाळी रुक्माक्का उरलेलं पानक, म्हणजे रामनवमीचं गुळाचं सरबत, घेऊन आल्या. माझं रडगाणं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! संपलेलं गाणं परत मागायचं म्हणजे पहिल्यांदा नीट ऐकलं नाही म्हणायचं की!" आणि तांब्या खाली ठेवून, मांडीवर ताल धरून, त्यांनी माझं पद मलाच म्हणून दाखवलं. आवाज चिरका, पण मला ऐनवेळी सुचलेली ती आडवळणाची तानसुद्धा जागच्या जागी. मला हुंदकाच फुटला.

पूर्वी मी पहिल्या खेपेला थोडं राखून गायचे, दुसरी असायचीच. आता राखत नाही. एकदाच गायचं, सगळं गायचं. हे मला या गावानं शिकवलं आणि त्याचे उपकार मी रोज मानते.

पुढे एका रामनवमीला बाबा आले. पहिलं पद संपलं तेव्हा पुढच्या रांगेत त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आता आरोळी येणार! त्यांनी शेजारच्या रुक्माक्कांकडे बघितलं, ओठ मिटले आणि हात मांडीवर ठेवला.

परतताना बाबा, रुक्माक्का आणि मी एकाच ऑटोत बसलो. चिकपेट जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "पोचलं गं." मग ऑटोवाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "वन्समोअर."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला तो ऑटो आठवतो. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मांडीवर ताल धरलेल्या रुक्माक्का आणि मध्ये अवघडून बसलेली मी, तेच पद पुन्हा पहिल्यापासून गात.