नाक मुरडणारे गिऱ्हाईक

गिऱ्हाईकाने पहिलेच लुगडे पसंत केले, की रतनशेट रुसत. मुकाट्याने ते कागदात गुंडाळून देत आणि गादीवरच्या तक्क्याला टेकून डोळे मिटून घेत. केनवडच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. त्यांना जाऊन आता वर्ष झाले. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मोठ्या माणसाबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे मला ठाऊक नाही. पण त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. ती दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

शेटजींना अडेल गिऱ्हाईक लागे, आणि त्यात माझ्या मायचा पहिला नंबर होता. ती लुगडे घेई वर्षातून एकदाच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. नाक मुरडायला मात्र दर बाजारी जाई. ती गादीच्या कडेला बसली, की शेटजी टोपी सारखी करून सरसावून बसत. माय एखाद्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून म्हणे, "हा त उंदरानं कुरतडल्यावानी दिसते." शेटजी शांतपणे म्हणत, "उंदरालेबी अक्कल असते बाई. तो चांगलंच पाहून कुरतडते." आणि पुढची घडी मोडत.

जैन असल्यामुळे त्यांचे जेवण दिवस मावळायच्या आत होई. मागच्या घरातून शेटाणीबाई तीनतीनदा हाका मारत. शेटजी 'आलो, आलो' म्हणत आणखी एक लुगडे उलगडत. तेवढ्यात दिवस बुडे, जेवण राहून जाई आणि माय रिकाम्या हाताने उठे. उपाशी शेटजी गुणगुणत तीस लुगड्यांच्या घड्या घालत बसत. मी एकदा भीत भीत विचारले, की याचा त्रास होत नाही का? ते म्हणाले, "जो येते अन् घेऊन जाते, त्याले कापड पाहिजे. जो नाक मुरडते, त्याले दुकानदार पाहिजे. मी काय हाय, सांग?"

मला तेव्हा ते कळले नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा मुलगा मोतीलाल माझ्याकडे एक पाटी लिहून मागायला आला. माझे अक्षर बरे होते. शिवाय चांगल्या व्यवहारात दोघांचाही वेळ वाचतो, असे मी नुकतेच कुठेसे वाचले होते. मी मन लावून लिहिले: 'आधी पसंती, मग घडी. घेणार नसल्यास माल उलगडून दाखवला जाणार नाही.' मोतीलालने नमुन्याचे पदर दोरीवर टांगले. मी ती पाटी मायला अभिमानाने वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंग तिथं जाऊन मी काय करू?" तिने जाणे सोडले. त्या वर्षी आखाजीचे लुगडेही तिने दुसरीकडून घेतले.

उन्हाळ्यात मी घरी आलो, तेव्हा दुकान नीट चालले होते, पण शेटजी बसले होते. गादीवरून उतरताना ते भिंत धरत. शेटाणीबाईंनी मला दारातच गाठले. "बापू, काय लेहून ठेवलं रे तू? पैले यायले जेवाले फुरसत नव्हती, आता ताट समोर येते अन् अर्धं तसंच वापस जाते. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी पोरीकडं मालेगावले चालले, आराम कराले. गेले त हा माणूस काही वापस येत नाही."

घरी येऊन मी मायला सगळे सांगितले. ती मला रागावली नाही, हेच जास्त लागले. बाजाराच्या दिवशी ती मला घेऊन दुकानात गेली आणि पूर्वीच्याच जागी बसली. मोतीलालने पाटीकडे बोट दाखवले.

"मले वाचता येत नाही, बाबू," ती म्हणाली. "माह्या पोराले येते. म्हणून त हे असं झालं."

मग ती तक्क्याकडे वळली. "शेटजी, रिठदच्या बाया म्हणून राह्यल्या, की तुमच्या दुकानात आता एकबी धड लुगडं नाही. तुमी थकले म्हणे. खरं हाय काय?"

शेटजींनी एक डोळा उघडला. "कोण म्हणते?"

"साऱ्याच म्हणतात. मी कोणाकोणाचं तोंड धरू?"

ते भिंत न धरता उठले. "मोत्या, सरक तिकडं."

पुढचे काय सांगावे? कोणता रंग पहिल्या पाण्यात जाईल, कोणत्या पदरात फक्त मासळी धरता येईल, हे माय सांगत गेली आणि शेटजी प्रत्येकाला उत्तर देत गेले. मोतीलालची दोरी लुगड्यांखाली दिसेनाशी झाली. शेटाणीबाईंनी जेवायला एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा त्या दारापर्यंत आल्या, आत पाहिले आणि तोंडाला पदर लावून परत गेल्या. दिवस बुडाला. माय नेहमीसारखी रिकाम्या हाताने उठली. शेटजींचा चेहरा तांबडा झाला होता. ते म्हणाले, "पुढच्या बाजारी ये बाई. नवा माल आणून ठेवतो, मंग पाहू तुहं नाक."

मालेगावचे जाणे राहिले ते राहिलेच. त्यानंतर दोन वर्षे, शेवटच्या आजारापर्यंत, बाजाराच्या दिवशी शेटजी बहुतेक उपाशीच झोपले.

त्या दिवशी घरी परतताना मी मायला विचारले, की एवढ्या लुगड्यांत एकही तुला आवडले नाही का?

"चौथं," ती लगेच म्हणाली. "हिरवं. असं लुगडं मी जन्मात पाह्यलं नाही."

"मग घेतले का नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढे शिकूनही याला सांगावे लागते, असे काहीसे तिच्या तोंडावर होते.

"घेतलं असतं, त शेटजी सकाळी मालेगावच्या गाडीत बसले नसते काय?"