मांडीवर देव, मुठीत लिंबू

शंभुलिंग माझा सख्खा धाकटा भाऊ. हे सांगायची मला हौस न्हाय, पर एका आईच्या पोटी पडलो म्हणून सांगावं लागतंय.

म्या सातवीपस्तोरच शिकलो, तरी आमच्या ढोकीत माझ्यासारखी जीप हाकणारा एक गडी दाखवा. सोळा माणसं कोंबून नेतो, कुणाच्या हातातला चहा सांडत न्हाय. आन् ह्यो! चाळीस वर्सांचा घोडा, पर डिझेलचा नुसता वास आला की ह्याचं आतडं वर. हुंगायला मुठीत लिंबू, आन् बसणार कायम म्होरच्या सीटवर. म्हाताऱ्यांनी मागं आदळायचं, म्होरं हे नवरदेव.

गेल्या पौषात आमच्या आईनं, हरणाबाईनं, हट्ट धरला. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक अणदूरच्या खंडोबाला भेटवून आणायचे. वडील होते तवर चैतात जायचो, टाक मांडीवर घेऊन तेच बसायचे. आता थोरला म्या, पर म्या स्टेरिंगवर. मग राह्यला कोण?

"आई, ह्याच्याजवळ नगं. देवांवरच वकला तर?"

"बाटले तर भेट न करता माघारी फिरायचं," आई म्हणली. "पुढल्या साली माझं गुडघं साथ देत्याल का न्हाय, ठावं न्हाय. शंभू, सांभाळशील न्हवं?"

शंभूनं नुसती मान डोलावली. तोंड तवाच मिटलेलं.

धाराशिव गेलं, तुळजापूर गेलं. मागं पोरांचा कालवा, भाकरीची दुरडी कुणाच्या तरी डोक्यावर उपडी, एकाची चप्पल खिडकीतनं बाहेर. शंभू पिवळा पडून गप. नळदुर्ग आलं तसा ह्यो बाहेर हात करायला लागला. माझी बाही ओढतोय, मागं दाखवतोय.

"गिळ!" म्या वरडलो. "धा मिनटं राह्यलीत. मांडीवर देव हायेत. गिळ!"

मागनं त्याची बायको शिवप्रिया म्हणली, "भावजी, त्यास्नी काय तरी सांगायचंय."

"त्याला काय सांगायचंय ते मला लहानपणापसनं ठावं हाय!" आन् म्या गाडी दामटली.

अणदूरला देवळात गेलो, तर खंडोबाच जाग्यावर न्हाय.

"देव सध्या नळदुर्गाला मुक्कामाला असतो की," पुजारी म्हणला. "दर सालचं हाय. तुमी त्याच्या म्होरनंच आलाव."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या शंभूकडं बघितलं.

"माठ्या, तोंड न्हवतं का तुला?"

आता पाय जमिनीवर होते, म्हणून त्याला वाचा फुटली. "नळदुर्गात देवाच्या जत्रेची पाटी दिसली होती, पर तोंड उघडलं असतं तर देवांवरच झालं असतं, दादा. तुमीच म्हणलाव, गिळ."

माघारी नळदुर्गाला आलो. भेट झाली. आईनं टाक हातात घेतले तर कोरडे, लखलखीत. मांडी मोकळी झाल्यावर मात्र परतीला ह्या बहाद्दरानं दिवसभराचं उट्टं काढलं. माझ्या जीपचं डावं दार, आरशापसनं मागल्या चाकापस्तोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन आला. "सरका दादा, माझी घाण हाय."

तेवढ्यात आतनं आईची हाक आली, "शंभू, आंघोळ कर. देव्हाऱ्यात देव तुझ्या हातानं बसवायचे."

आजवर हे काम थोरल्याचं होतं. म्या त्याच्या हातातली बादली हिसकली.

"जा की मग! तुला एक दार तरी नीट धुता येतंय व्हय?"

आन् म्या दार घासाय बसलो.