फळ्यावरची पस्तीस मिनिटं

...तर खडू साहेबांच्या हातात, आणि फळ्यापुढे कमरेवर हात ठेवून आपली मिनिटबाई उभी!

मिनिटबाई हे तिचं टोपणनाव. बेटावरच्या त्या एका खोलीच्या विमानतळावर सामान तोलायचं, तिकिटं फाडायची आणि पलीकडच्या बेटावर पोचायला आज किती मिनिटं लागतील ते फळ्यावर लिहायचं, हे तिचं सतरा वर्षांचं काम. लिहायच्या आधी ती पलीकडच्या विमानतळावर फोन लावायची. तिथल्या काउंटरला तिची सख्खी नणंद.

नवे साहेब मुख्य कचेरीतून आलेले. इस्त्री अशी कडक की बसताना मोडेल. त्यांनी तिचे आकडे पुसून ठसठशीत चोवीस लिहिले.

"अंतर एकशे दहा किलोमीटर. कॉम्प्युटर चोवीस मिनिटं सांगतो."

"कॉम्प्युटर सरळ रेघेत जातो, साहेब. विमानाला मधल्या बेटावरच्या डोंगराला वळसा घालावा लागतो. शिवाय वारा."

"वारा कोण मोजतं इथे?"

तिने फोन फिरवला. "वन्सं, दोरीवरचे कपडे काय म्हणतात?"

"अहो वहिनी, चादर तुमच्याकडेच पळत सुटलीय! चिमट्यांची कमाल म्हणायची!"

"म्हणजे वारा समोरून. पस्तीस," मिनिटबाई म्हणाली. "वन्सं, लाँचवाल्याला दहा मिनिटं थांबायला..."

साहेबांनी फोनच ठेवला. त्या दिवशी पलीकडची साडेदहाची लाँच गाठायची होती ती फक्त त्यांनाच. विमान दहाला सुटणार. "चोवीस मिनिटांत पोचणाऱ्यासाठी लाँच कशाला थांबवायची? मी स्वतः जातोय. वेळेत पोचलो की उद्यापासून घरी बसा."

बाईच्या नवऱ्याचा गुडघा कामातून गेलेला, घर तिच्याच पगारावर. पण मान काही खाली गेली नाही. साहेबांनी खडू खिशात घातला, तशी तिने बोट पाण्यात बुडवून फळ्यावरच्या पांढऱ्या धुळीत, चोवीसच्या खाली, पस्तीस लिहिले. रांगेतला एक म्हातारा इतका हसला की त्याची कवळी सुटली.

विमान दहाच्या ठोक्याला उडालं. मिनिटबाई घड्याळाखाली स्टूल घेऊन बसली. चोवीस मिनिटं झाली, फोन गप्प. तीस झाली, तरी गप्प. दहा अडतीसला नणंदेचा फोन आला.

"वहिनी, चाकं बरोबर दहा पस्तीसला टेकली! लाँच साडेदहालाच गेली. साहेब धक्क्याकडे धावत सुटलेत, बूट एकीकडे अन् साहेब एकीकडे!"

तासाभराने साहेबांचाच फोन. आवाज जरा उतरलेला, ताठा मात्र तसाच.

"आज वारा होता म्हणून. हुकूम वरून आहे, चोवीसच राहतील. हट्ट सोडा, नाहीतर नोकरीला मुकाल. मी दुपारच्या विमानाने परत येतोय."

मिनिटबाईने ऐकून घेतलं, बोट पुन्हा पाण्यात बुडवलं आणि रिसीव्हर खांद्याने दाबून म्हणाली, "या की साहेब, येताना वारा पाठीशी आहे, सत्तावीस मिनिटं लागतील, तशी मी फळ्यावर लिहिलीत, नोकरी घ्यायची तर उतरल्यावर घ्या, पण आधी घड्याळ बघा, आणि माझा खडू तेवढा परत आणा."